टेपमधलं रडणं

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
१२ डिसेंबर १९९९

चि. संपत,

तू पुण्याला नीट पोहोचल्याचं कार्ड मिळालं. बुडालेलं कॉलेज आता भरून काढ. इकडची काळजी करू नकोस. मी मागच्या सोमवारपासून शाळेत जायला लागले आहे. सातवीच्या मुलांचं गणित बरंच मागे राहिलं आहे.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मामांच्या दहाव्यापर्यंत तू इथे होतास, तेव्हा त्यांच्या टू-इन-वनमध्ये तुझी एक कॅसेट राहून गेली. परवा संध्याकाळी बातम्या लावायला गेले. ते मशीन मी कधी लावत नसे, ते काम त्यांचं. माझ्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं आणि आतून जो आवाज आला त्याने मी मागेच सरले. कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि त्याच्यामागे पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी वाजत होतं. मला वाटलं मशीन बिघडलं, कॅसेट भरधाव पळते आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वसंता रेडिओवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मशीन उघडलं, पट्टा बदलला, हेड पुसलं. त्याच्या दुकानातली भजनाची कॅसेट लावली तर ती छान वाजली. तुझी लावली की पुन्हा तेच. मग त्याने आतला एक स्क्रू पिळून मोटार हळू केली. तेव्हा तो माणूस रेड्यासारखा हंबरायला लागला. दुकानात चार माणसं जमली. शेवटी वसंताने स्क्रू परत पहिल्यासारखा केला आणि म्हणाला, "बाई, मशीन बराबर हाय. ह्या मान्सालाच कायतरी झालंय."

कॅसेट माझ्या हातून खराब झाली असेल तर सांग. भरून देईन. पोस्टाने पाठवू की उन्हाळ्यात येशील तेव्हा नेशील?

तुझ्या आईचं दहाव्यापासून काही कळलं नाही. पिंपळगावला पत्र टाकलं होतं. मिळालं असेल.

वेळेवर जेवत जा.

कौसल्यामामी


पुणे
२० डिसेंबर १९९९

ती. मामी,

नमस्कार करतो. तुमचं पत्र वाचून मेसमध्ये एकटाच हसलो आणि मग लाज वाटली.

कॅसेट खराब झालेली नाही. ती तशीच आहे. वसंताला सांगा, त्या माणसाला काहीही झालेलं नाही, तो मुद्दाम तसा गातो. हा नॉर्वे देशातल्या पाच जणांचा अल्बम आहे. माझा रूम पार्टनर नागालँडचा आहे, त्याच्या सीडीवरून मी भरून घेतला. या संगीताला सिंफनिक ब्लॅक मेटल म्हणतात. एरवी गिटार, ड्रम आणि ओरडणं एवढंच असतं. यांनी त्यात की-बोर्डवर मोठा वाद्यवृंद आणि बायकांचं समूहगान घातलं आहे. त्या गारा म्हणजे ड्रम. एकच माणूस दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी वाजवतो. त्यांच्याकडे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही म्हणे. इथे हॉस्टेलवर मला सगळे वेडा म्हणतात.

खरं सांगायचं तर दुखवट्याच्या घरात मी हे लावायला नको होतं. बायका आत बसलेल्या असताना मी माळवदावर जाऊन अगदी बारीक आवाजात ऐकायचो. मामा गेल्यावर मला हेच ऐकावंसं वाटलं. का, ते सांगता येत नाही. तुम्ही ऐकू नका. कपाटात टाकून द्या, उन्हाळ्यात नेईन.

आई बरी आहे. ज्वारी निसवली आहे, त्यामुळे तिला पाखरं राखायला शेतात जावं लागतं. बाकी आई बरी आहे.

संपत


टेंभुर्णी
७ जानेवारी २०००

चि. संपत,

तू ऐकू नका म्हणालास, पण मी ऐकली. एकदा नाही, बऱ्याचदा. शाळेतून आल्यावर घर फार शांत असतं. बातम्या लावल्या की त्यांची आठवण येते, कारण बातम्यांवर ते मध्ये मध्ये बोलायचे. या कॅसेटवर ते कधीच काही बोललेले नाहीत.

मला गाण्यातलं काही कळत नाही, इंग्रजी तर नाहीच. जे ऐकू आलं ते लिहिते. सुरुवातीला वारा सुटल्यासारखा आवाज येतो. मग चर्चमध्ये वाजते तशी पेटी, पण खूप मोठी. मग एकदम गारा. त्यात तो ओरडायला लागतो. पहिल्या आठवड्यात मला सगळा एकच गोंगाट वाटायचा. आता वेगवेगळं ऐकू येतं. गारांच्या खाली एक चाल आहे, ती सावकाश जाते, ओरडणाऱ्याच्या घाईशी तिला काही देणंघेणं नाही. मोट चालावी तशी. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं आणि एकच बारीक वाद्य वाजतं. पुन्हा सगळे येतात. मी त्या जागेची वाट बघत बसते. त्यात सर्वांत जास्त कष्ट ड्रम वाजवणाऱ्याला पडत असतील. त्याला ते लोक बरं खाऊपिऊ घालत असतील अशी आशा आहे.

एक गोष्ट मात्र मनात आली. आपल्याकडे बाई रडायला लागली की बाकीच्या तिला थोडा वेळ रडू देतात, मग गप गप म्हणून पाणी देतात. या माणसाला कोणीच गप म्हणत नाही. त्याच्यामागच्या बायका उलट त्याला साथ देतात.

कॅसेटच्या डबीतलं झेरॉक्स चित्र पाहिलं. बोहाड्यातल्या सोंगांसारखी तोंडं रंगवली आहेत. चांगल्या घरची मुलं दिसतात.

आता तुझ्या आईचं. तू एका पत्रात दोनदा लिहिलंस की आई बरी आहे, पण आईने काही निरोप दिला असं एकदाही लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. दहाव्याला ती माझ्या गळ्यात पडून रडली, नाव घेऊन, एकेक गुण सांगून, आपल्याकडे रडतात तशी. मी नुसती उभी राहिले. मी जालन्याच्या घरातली. आमच्याकडे पदर तोंडाशी धरून रडायचे, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. पण मला तेही जमलं नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात काढून घेतले आणि चहासुद्धा न घेता गेली.

लोक काय म्हणतात त्याचं मला फार नाही. पण आम्हाला मूलबाळ नाही. गोजराताई, म्हणजे तुझी आई, त्यांची एकुलती एक बहीण. त्यांच्यामागे या घराचं माणूस म्हणून तीच आहे, आणि तिला माहेर म्हणून हेच घर. आमच्या घरात असं आहे की कोणी गेल्यावर त्याची बहीण येऊन पहिली पुरी सोडते, तोवर कढई चढत नाही. पण पुरीवाचून माझं काही अडत नाही. ती आली नाही तर आम्हा दोघींचंही कोणी राहणार नाही, एवढंच मला कळतं.

संक्रांतीला गावी जाशील तेव्हा तिला विचार. आणि मला खरं लिही.

मामी


पुणे
१९ जानेवारी २०००

ती. मामी,

संक्रांतीला पिंपळगावला जाऊन आलो. तुम्ही खरं लिही म्हणालात म्हणून लिहितो.

मी विषय काढला तेव्हा आई तीळ भाजत होती. ती उलथणं हलवत राहिली. मग म्हणाली, "ज्या घरात माझ्या भावासाठी येक टिपूस पडलं न्हाई, त्या घराचा उंबरा मी कामून चढू?" मी म्हणालो, मामींचा स्वभावच तसा आहे. ती म्हणाली, स्वभाव सासूला दाखवावा, मढ्याला नाही. तुमचं पत्र तिने वडिलांकडून वाचून घेतलं होतं. त्यात शाळेचं आणि घरपट्टीचं लिहिलेलं होतं म्हणे, दादाबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी भांडलो. ती तीळ तसेच टाकून शेतात गेली. निघताना मला लाडू बांधून दिले आणि तुमच्यासाठी वेगळे बांधून परत सोडले. ते मी पाहिलं. म्हणजे तिच्याही मनात आहे.

मामी, एक सुचवू का? रागावू नका. तुम्ही एकदा पिंपळगावला या आणि आईच्या गळ्यात पडून रडा. मोठ्याने. मनातून आलं नाही तरी चालेल. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया तशाच रडतात, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. तुमचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि आईचं माहेर राहील.

तुम्ही कॅसेटबद्दल लिहिलंत ते मी रूम पार्टनरला भाषांतर करून सांगितलं. ड्रमवाल्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करणारं पहिलंच माणूस, असं तो म्हणाला.

संपत


टेंभुर्णी
३० जानेवारी २०००

चि. संपत,

रागावले नाही. तू भलं व्हावं म्हणून लिहिलंस. पण ते माझ्याने होणार नाही.

मला रडू येत नाही असं नाही. यायला लागतं, आणि मध्येच दुसरंच काहीतरी येतं आणि रडू थांबतं. काय येतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आणि तुझ्या आईच्या गळ्यात पडून मी खोटं रडले तर तिला ते लगेच कळेल. तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिने बांधून परत सोडलेले लाडू मला मिळाले असं समजते.

अभ्यास कर.

मामी


पुणे
१४ फेब्रुवारी २०००

ती. मामी,

आज वडिलांचं कार्ड आलं. आईने सांगून लिहवून घेतलं आहे. तुमच्याकडची चतुराबाई भोकरदनच्या बाजारात आमच्या गावच्या कोणाला भेटली आणि तिने सांगितलं म्हणे, की मास्तरीणबाई रविवारी घर बंद करून रडल्या, अशा रडल्या की अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसली, बायांच्या डोळ्याचं पाणी खळेना. आईने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने टेंभुर्णीला निघाली. ज्वारीची राखण वडिलांवर टाकून! शेतात काम असताना आईला मी असं कधी निघालेलं पाहिलं नाही.

मामी, तुम्ही नाही म्हणालात आणि तरी माझं ऐकलंत. तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. मी तुमच्या पाया पडतो.

आई तिथेच असेल तर तिला सांगा, माझी चाचणी चांगली गेली.

संपत


टेंभुर्णी
२० फेब्रुवारी २०००

चि. संपत,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी आई शेजारी बसून शेंगा फोडत होती. काय लिहिलंय म्हणाली. चाचणीचं तेवढं वाचून दाखवलं. ती आता मारुतीच्या देवळात गेली आहे, तेवढ्या वेळात लिहिते. हे पत्र तुझ्याजवळच ठेव.

मी रडले नाही. तुझी कॅसेट रडली.

झालं असं. त्या रविवारी दुपारी मी कॅसेट लावली होती आणि लाईट गेली. बराच वेळ आली नाही. लाईट गेल्याचं कळायच्या आधी मला वाटलं होतं की मशीनमध्येच काही झालं, म्हणून दोन-तीन बटणं फिरवून पाहिली होती. त्यात आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरलेलं राहिलं. मग मी दाराला आतून कडी घालून न्हाणीत केस धुवायला बसले. डोक्याला शिकेकाई लावलेली, डोळे मिटलेले, आणि लाईट आली.

त्या बाजूचं शेवटचं गाणं तुला माहीत आहेच. त्यात गारा थांबतात आणि नुसता तो माणूस राहतो, मागे बायकांचा सूर. तेवढाच भाग उरला होता. मला उठता येईना, डोळ्यात शिकेकाई गेलेली. चाचपडत भांडं शोधतेय तोवर बाजू संपली आणि मशीन आपोआप बंद झालं. मी डोकं धुऊन, लुगडं नेसून दार उघडलं तर ओट्यावर, पायऱ्यांवर, खाली रस्त्यात बायका. पंधरा-वीस तरी असतील. कोणी डोळे पुसत होत्या, कोणी नाक. माझे केस ओले, मोकळे, डोळे लाल. चतुराबाईने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मोकळ्या झाल्या मास्तरीणबाई. लई दिस कोंडलं व्हतं." कोणी तरी मागून भानामतीचं नाव काढलं, तिला तिने तिथेच गप्प केलं. चतुराबाईला कमी ऐकू येतं, पण तिचा शब्द गल्लीत चालतो. मला पाणी पाजलं, गूळ खाऊ घातला. मी सांगायला तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायची, नका बोलू, दम खा. आणि संपत, त्या खरोखर रडल्या होत्या. तुझ्या मामांसाठी. त्यांच्या आठवणी सांगत बसल्या. कोणाची हरवलेली बैलजोडी त्यांनी शोधून आणलेली, कोणाच्या पोरीच्या लग्नात स्वतः वाढायला उभे राहिलेले. मला मग सांगवेना.

चौथ्या दिवशी तुझी आई आली. एसटी स्टँडपासूनच रडत आली. या वेळी तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ आत येऊन गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी तिने कढई उतरवली, घासली, पहिली पुरी सोडली. तेव्हापासून इथेच आहे. माझ्या डोक्याला तेल लावते. शाळेत डबा घेऊन येते आणि हेडमास्तरांना सांगते, ही माझी भावजय.

आता अडचण ऐक. आपल्याकडे बोलून रडतात. तिला बोलणं हवं आहे. रोज विचारते, वहिनी, त्या दिवशी दादाला काय काय बोललात? चतुराबाईला विचारलं तर ती म्हणते, शब्द कळले नाहीत, पण लई खोलवरचं होतं. मी म्हणते, आठवत नाही. ती म्हणते, आठवेल तेव्हा सांगा, मला घाई नाही. आणि वाट बघते. तिच्या भावाशी कोणीतरी शेवटचं काय बोललं, एवढंच तिला ऐकायचं आहे, आणि माझ्याजवळ द्यायला काही नाही.

खोटं सांगितलं तर ती राहील. खरं सांगितलं तर कदाचित कायमची जाईल. मला काय करावं ते कळत नाही.

मामी


पुणे
२६ फेब्रुवारी २०००

ती. मामी,

सांगू नका. मी हात जोडतो. दोन गोड वाक्यं रचून सांगा आणि विषय संपवा. मामांनी तुम्हाला सांभाळलं, शिकवलेलं वाया जाऊ दिलं नाही, असलं काहीही. आईला तेवढं पुरेल. ती तिथे खुश आहे, वडील तिच्यावाचून स्वयंपाक करताहेत आणि तेही कुरकुर करत नाहीत. खरं कळलं तर तिला वाटेल की तिची चेष्टा झाली, अख्ख्या गल्लीसमोर. मग ती माझंही तोंड बघणार नाही, कॅसेट माझी आहे.

ती कॅसेट मोडून टाकली तरी चालेल. मी दुसरी भरून घेईन.

लगेच लिहा.

संपत


टेंभुर्णी
४ मार्च २०००

चि. संपत,

तुझं पत्र पोहोचलं त्याच दिवशी मी तुझ्या आईला सांगितलं. तू सुचवलेली वाक्यं चांगली होती. ती खरीसुद्धा होती. मी दुपारभर मनात म्हणून पाहिली. पण ती संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने पुन्हा विचारलं तेव्हा मला ती म्हणता आली नाहीत. वर्गात मुलं खोटं कारण सांगतात तेव्हा जो चेहरा करतात तसा माझा झाला असावा. मी म्हणाले, ताई, मी रडलेच नाही. टेप लागला होता. संपतची कॅसेट.

तिने शेंगांची टरफलं गोळा करून सुपात भरली. मला वाटलं आता पिशवी घेईल. मग म्हणाली, लावा बरं.

मी लावली. पहिल्यापासून. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. गारा आल्या तेव्हा तिने एकदा छताकडे पाहिलं. तिसऱ्या गाण्यात सगळं थांबलं तेव्हा म्हणाली, "हितं पानी प्याया गेला वाटतं." मला हसू आलं. तिलाही थोडंसं आलं असेल, पण दाखवलं नाही. शेवटचं गाणं संपून मशीन बंद झालं.

तुझी आई म्हणाली, "हा रडून न्हाई राह्यला. चतुरीला काय कळतं. रडनाऱ्याला मधी हुंदका येतो, ह्याला येक बी आला न्हाई. हा भांडून राह्यलाय कोनाशी तरी, अन् ते मानूस समोर न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं बी तसंच हाय का, वहिनी?"

मी मान हलवली. मागे तुला लिहिलं होतं की मध्येच दुसरं काहीतरी येतं. तो राग होता. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. मेलेल्या माणसावर रागावलेली बायको कोणाला दाखवायची?

ती उठली. पडवीत मामांची बाज आहे, तिच्यावर जाऊन बसली, एक पाय दुमडून, एक खाली सोडून, ते बसत तशी. तोंडही त्यांच्यासारखं केलं. ते मला चेष्टेने म्हणत तसं म्हणाली, "बोला मास्तरीणबाई. काय म्हननं हाय?"

मी म्हणाले, जीप दारात उभी होती. औरंगाबादच्या डॉक्टरांचा नंबर लावलेला होता. मी शाळेतून रजा घेतली होती. तुम्ही जीपमध्ये बसला होतात आणि उतरलात.

तुझी आई म्हणाली, "कापूस येचाया बाया आल्त्या. त्यांना माघारी लावू का?"

मला इतका संताप आला की मी कोणाशी बोलते आहे ते विसरले. मी म्हणाले, बाया मी बघितल्या असत्या. कापूस मी वेचला असता. तुमची छाती दुखत होती आणि तुम्हाला कापूस दिसत होता. ती म्हणाली, दोन दिवसांनी जाऊ म्हणलो होतो, तू काय लगेच डोक्यावर बसतीस. अगदी हेच, याच शब्दांत ते म्हणाले होते. तिला कसं माहीत, कोण जाणे. लहानपणापासून तेच ऐकत आली असेल. मी उभी राहून बोलत होते. आवाज किती चढला ते मला नंतर कळलं. जीपपासून सुरुवात झाली ती मागे मागे गेली. दरवेळी माझं ऐकून हो म्हणायचे आणि आपलंच करायचे, बी. एड. झाल्यावर जालन्याची बदली मी त्यांच्यासाठी सोडली त्याबद्दल त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही, सगळं बोलले. तुझी आई त्यांच्या बाजूने भांडत होती, आणि चांगली भांडत होती. एकदोन ठिकाणी तिचं बरोबरही होतं.

मग एका जागी ती थांबली. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "चुकलं माझं. जायाला पायजे व्हतं."

त्यानंतरचं मी लिहीत नाही. ते आमच्या दोघींचं आहे.

दिवेलागणीला चतुराबाई ताकाचं भांडं परत द्यायला आली ती दबकत, दारातूनच. तिच्याकडून कळलं की आवाज ऐकून बायका आपल्या दाराकडे यायला निघाल्या होत्या. हिनेच त्यांना कोपऱ्यावर अडवलं. नणंद-भावजयीचं भांडण लागलंय, मध्ये पडू नका म्हणाली. म्हणून या वेळी कोणी आलं नाही. तिने मला हळूच विचारलं, वाटणीवरून का? मी हो म्हणाले.

तुझी आई सांगते ते लिहिते: कॅसेट न्यायला येशील तेव्हा त्या पाच जणांपैकी लग्न झालेला कोण ते विचारून ये, आणि तुझ्या वडिलांना कळव की भाकरी चार बोटांनी थापायची, तळहाताने नाही.

ती अजून आठ-दहा दिवस राहणार आहे. ज्वारी काढायची आहे तरी. मी विचारलं तर म्हणाली, तुमचं झालं, माझं कुठं झालंय. शेवटच्या दिवाळीला दादा तिला न्यायला आला नाही, त्यावरून तिचं त्याच्याशी बोलायचं राहून गेलं आहे. उद्या रविवार. उद्या बाजेवर मी बसणार आहे.

कौसल्यामामी